जवारी आणि जयजयकार
(हाताने केलेल्या वस्तूंवरील आपल्या गौरवलेखनाविषयी)

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी पहिल्यांदा गेलो त्याला आता अठरा वर्षे होतील. तंबोऱ्यावर लिहायचे ठरवून गेलो होतो. दोन दिवस एका कारखान्यात बसलो. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढचा ओटा. परत येऊन एका पुरवणीसाठी लेख लिहिला, ‘अखेरचे सूर’ नावाचा. त्यात म्हाताऱ्या कारागिराच्या सुरकुतलेल्या हातांवर दीड परिच्छेद होता, झरोक्यातून येणाऱ्या तिरप्या उन्हावर एक, आणि शेवटी ‘ही बोटे थांबली की…’ असे टिंबांवर संपणारे वाक्य. लेख पुष्कळांना आवडला. मलाही आवडला होता.

वर्षभराने कात्रण घेऊन मी पुन्हा गेलो. चाचांनी (गल्लीत सगळे त्यांना चाचाच म्हणत) लेख आधीच वाचलेला होता. चहा सांगितला, कात्रण घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “लिहिलंय चांगलं. पण साहेब, हातावर एवढं लिहिलंत, काम तर आम्ही कानानं करतो.”

मी हसलो. त्यांना विनय दाखवायचा असेल असे वाटले. त्या वाक्यातली टीका मला ऐकू आली नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी आणखी पाच-सहा वर्षांनी सांगितली, तीही सहज, दुसऱ्याच विषयाच्या ओघात. त्यांच्या मुलाचे एका ठिकाणी लग्न ठरत आले होते. बैठकीत मुलीच्या मामांनी खिशातून एक कात्रण काढले आणि विचारले, “ह्यात तर लिहिलंय, तुमचा धंदा बंद पडाय लागलाय म्हणं?” सोयरीक मोडली. कात्रण माझे होते. चाचांच्या आवाजात तक्रार नव्हती. पुढे मुलाचे दुसरीकडे लग्न झाले आणि तो याच धंद्यात आहे. बंद पडले नाही काहीच. फक्त मी तसे लिहिले होते.

त्या दिवसापासून मी तंबोऱ्याबरोबर तंबोऱ्यावरचे लेखनही वाचू लागलो. मी विद्यापीठातला संशोधक नाही. नोकरी हिशेबाच्या खात्यातली, वाचन रात्रीचे. पण कोणताही ताळेबंद वाचताना काय लिहिले आहे याच्याइतकेच काय लिहिलेले नाही हे पाहायची सवय त्या खात्याने लावली. त्या सवयीने कारागिरांवरचे आपले मराठी लेखन तपासावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. तपासणीत पहिला आरोपी मीच आहे.

गौरवलेखाचा साचा

दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, प्रदर्शनांच्या स्मरणिका यांतले हस्तकलेवरचे लेख एकापाठोपाठ एक वाचले, की गावे आणि वस्तू बदलत राहतात आणि लेख तोच राहतो. येवल्याची पैठणी असो, कोल्हापुरी पायताण असो, सावंतवाडीची गंजिफा असो. सुरुवात हातांनी होते, मध्ये परंपरा येते, शेवटी खंत येते. या साच्याचे चार भाग स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहेत.

पहिला भाग हातांचा. ‘जादुई बोटे’, ‘हातात देव’, ‘पिढ्यान्‌पिढ्या हातात उतरलेली कला’. कवीवर लिहिताना आपण त्याच्या बोटांवर परिच्छेद खर्चत नाही. त्याची दृष्टी काय, त्याने काय टाळले, कुठे फसला, असे विचारतो. कारागिराच्या बाबतीत मात्र सगळी बुद्धी मनगटाखाली उतरते. ज्याचे हातच दाखवायचे असतात, त्याला मत विचारावे लागत नाही. ‘हातात उतरलेली’ म्हटले की शिकणे, चुकणे, निवडणे हे सगळे पुसले जाते. उरते ते जातीने आणि रक्ताने आपोआप येणारे काहीतरी. कौतुकाच्या भाषेत आपण जुनीच उतरंड पुन्हा रचतो: डोके एकीकडे, हात दुसरीकडे.

दुसरा भाग ‘अखेरचा’ या शब्दाचा. अखेरचा कारागीर, शेवटची पिढी, नामशेष होत चाललेली कला. काही कला खरोखर संपल्या आहेत, संपत आहेत. त्यांची नोंद झालीच पाहिजे. पण हा शब्द वापरण्याआधी शेजारच्या चार घरांत जाऊन पाहण्याचे कष्ट फार थोडे लेखक घेतात. मी घेतले नव्हते. ज्या ओट्यावर बसून मी ‘अखेरचे’ लिहिले, त्याच गल्लीत तेव्हा तरुण मुले भोपळे कापत होती. मला ती दिसली होती, पण लेखाला नको होती. शेवटाचे वर्णन वाचकाला हळवे करते, आणि धंद्यातल्या माणसाची पत कमी करते. उधारीवर लाकूड देणारा आणि मुलगी देणारा, दोघेही वर्तमानपत्र वाचतात.

तिसरा भाग प्राचीनतेचा. मिरजेच्या वाद्यांविषयीच्या बातम्यांत ‘तीनशे वर्षांची परंपरा’ आणि ‘सात पिढ्या’ हे दोन आकडे शेजारीशेजारी छापून येतात. आता हिशेब करू. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर सात पिढ्यांची १७५ वर्षे होतात. २०२४ मधून ती वजा केली की आपण १८४९ला पोचतो. मिरजेतल्या घराण्यांत सांगितली जाणारी हकिकतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचीच आहे. फरीदसाहेब शिकलगार यांनी पटवर्धन संस्थानच्या काळात वाद्यदुरुस्तीपासून सुरुवात केली, असे ती सांगते. म्हणजे पिढ्यांचा आकडा आणि हकिकत एकमेकींना धरून आहेत. जादा आहेत ती सव्वाशे वर्षे. ती कोणी खोटेपणाने घातली असे मी म्हणत नाही. गौरवाला जुनेपण लागते, म्हणून ती भरली गेली. यात नुकसान असे, की पावणेदोनशे वर्षांपूर्वी काही माणसांनी एक धंदा सोडून दुसरा उभा केला, ही खरी आणि जास्त रोमांचक गोष्ट झाकली जाते. परंपरा चालत आली म्हटले की ती कोणी सुरू केली होती, हे विसरायला होते.

चौथा भाग म्हणजे जे लिहिलेले नसते ते: दर. कारागिराच्या कामाला आपण ‘साधना’ म्हणतो, आणि साधनेचा दर विचारणे असभ्य असते. गवयाच्या बिदागीच्या कथा आपल्याकडे चवीने सांगतात. तंबोरा करणाऱ्याला जवारीचे किती मिळाले, हे कोणत्याही संगीतचरित्रात सहज सापडत नाही. माझ्या त्या लेखातही नव्हते. मराठीत या बाबतीत वेगळी वाट होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’मध्ये कारू-नारूंचे हक्क, कामे आणि तंटे यांचा धांडोळा आहे. आत्रे महसूल खात्यातले. त्यांची सगळीच मते आज पटणार नाहीत, कारागिरांवर ते कठोरही होतात. पण कोण कोणाला काय देतो आणि का कुरकुरतो, हे त्यांनी पाहिले. शंभर वर्षांनंतरचे आपण त्यापुढे जायच्या ऐवजी तिरप्या उन्हाकडे वळलो.

जवारी म्हणजे काय

‘काम कानानं करतो’ या वाक्याचा अर्थ समजायला मला जवारी समजून घ्यावी लागली.

तंबोऱ्याच्या चार तारा: एक पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची. या तारा तबलीवर बसवलेल्या घोडीवरून जातात. व्हायोलिनची घोडी पातळ, धारदार असते. तार तिच्यावर एका बिंदूला टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उताराचा, किंचित गोलाईचा असतो. तार छेडली की ती या माथ्यावर टेकत-सुटत, घासत कंप पावते. त्यातून एका सुराबरोबर त्याच्या वरच्या सुरांचा थवा उठतो. खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गांधार ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, तो इथला. घोडीच्या माथ्याला हा नेमका आकार देणे म्हणजे जवारी काढणे.

मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. त्याला जीव म्हणतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की तार एकदम बोलू लागते किंवा मुकी होते. दोरा सरकवणे गवयालाही येते. घोडीचा माथा घासणे मात्र कारागिराचे काम. कानस चालते, मग पॉलिश पेपर चालतो, मग तार चढते, छेडली जाते, ऐकली जाते, उतरते, पुन्हा कानस चालते. असे किती वेळा, याचा नियम नाही. या सगळ्यात हात फार थोडे करतात. बहुतेक वेळ ऐकण्यात जातो. हत्याराचे नाव कानस आहे, हा योगायोग मला नंतर लक्षात आला.

जवारी ‘खुली’ असते, ‘बंद’ असते, ‘गोल’ असते. आवाज ‘भरीव’ असतो किंवा ‘फाटतो’. एखादी तार ‘खरखरते’, एखादी ‘आत बोलते’. ज्या गवयाचा आवाज भारी, त्याला एक प्रकारची जवारी. ज्या गायिकेची पट्टी काळी चार, तिच्या जनानी तंबोऱ्याला वेगळी. कारागीर गिऱ्हाइकाला आधी गायला लावतो, निदान बोलायला तरी लावतो. चाचा फोनवर पट्टी विचारून घेत आणि फोन ठेवल्यावर म्हणत, “सांगितली काळी एक, पण आवाज पांढरी दोनचा हाय.” समोरच्याच्या गळ्याविषयीचे हे मत असते, आणि ते मत घोडीत उतरते. तंबोरा हे म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या आवाजाविषयी केलेले भाष्य. टीकेचे आणखी वेगळे काय लक्षण असते?

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूशी जे वरचे सूर स्थिर असतात ते उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. तंबोरा आणि वीणा यांत मात्र ते उमटतात. रामन यांनी याचे कारण या रुंद घोडीत शोधले. हा निबंध उद्धृत करून ‘आपल्या पूर्वजांना विज्ञान ठाऊक होते’ असे म्हणायची रीत आहे. मला त्यातून दुसरेच दिसते. भौतिकशास्त्राने ‘का’ सांगितले. ‘किती’ हा प्रश्न तसाच राहिला. या हाडावर, या तारेखाली, या गळ्यासाठी आणखी किती घासायचे आणि कधी थांबायचे? त्याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागते, आणि ते चुकू शकते.

पात्याकडून घोडीकडे

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. तलवारी, जंबिये, कट्यारी यांची मागणी इंग्रजी अंमलात ओसरली. मिरजेतल्या शिकलगारांपैकी काही जण वाद्यांकडे वळले, असे परंपरा सांगते. गौरवलेखात हे वाक्य ‘शस्त्रांकडून सुरांकडे’ असे गोड होऊन येते. युद्ध सोडून शांतीकडे गेल्यासारखे. मला त्यात पोटाचा प्रश्न आणि कौशल्याचा हिशेब दिसतो. धार लावणाऱ्याला पृष्ठभाग वाचता येतो. पात्याचा उतार कुठे चढला, कुठे खचला, हे बोटाला आणि डोळ्याला कळते. तंबोऱ्याची घोडी हाही एक उतारच आहे. माझा तर्क असा, की या माणसांनी आपले जुने ज्ञान नव्या जागी लावले आणि डोळ्याच्या जोडीला कान आणला.

नवी जागाही तयार होत होती. मिरज-सांगली-इचलकरंजी हा पट्टा गाण्याचा होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी या भागात आणली. विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले आणि १८९६च्या सुमारास इथून बाहेर पडले. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचे नाटक झाले आणि पुढच्या काही दशकांत नाटकाबरोबर गाण्याची मागणी गावोगाव पसरली. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. तिथे उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या. असे कान आजूबाजूला असले की कारागिराचे काम रोज तपासले जाते. तंबोरा दुपारी दिला आणि संध्याकाळी परत आला, असे घडत असणार. मिरजेची वाद्ये चांगली का झाली, याचे उत्तर ‘हातात कला होती’ यापेक्षा ‘गिऱ्हाईक खवचट होते’ हे जास्त खरे असावे. कलेला रसिक लागतात म्हणतात. कारागिरीला तक्रार करणारे लागतात.

‘हातचे’ म्हणजे नेमके काय

दुसऱ्या खेपेला मी कारखान्यात विजेचे ड्रिल पाहिले आणि मनातून खट्टू झालो. पहिल्या लेखात ते नव्हते. म्हणजे होते, मी लिहिले नव्हते. हाताने केलेल्या वस्तूत यंत्राचा आवाज मला बसवता येईना.

या पेचातून मला डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-लेखकाने सोडवले. १९६८ साली आलेल्या पुस्तकात तो म्हणतो, की ‘हाताने केलेले’ या शब्दाला फारसा अर्थ नाही, कारण हत्यार वापरत नाही असा कारागीर नाही. खरा भेद दोन प्रकारच्या कामांत आहे. एका प्रकारात काम सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला असतो. दुसऱ्यात शेवटच्या क्षणापर्यंत काम बिघडण्याची जोखीम असते आणि निकाल करणाऱ्याच्या निवाड्यावर, सावधपणावर, कौशल्यावर टांगलेला असतो. ही फूटपट्टी लावली की ड्रिलने खुंट्यांची भोके पाडणे पहिल्या प्रकारात जाते. तिथे हात दुखवून काही मिळत नाही. जवारी दुसऱ्या प्रकारातली. घासलेले हाड परत येत नाही.

भोपळाही दुसऱ्या प्रकारातलाच. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूचे शेतकरी पिकवतात. खायचा नव्हे, कडू भोपळा. तो वेलावर सरळ, तोलदार वाढावा म्हणून त्याची बैठक सांभाळावी लागते. मग वाळवणे, कापणे, भिजवून आतून काड्यांचा ताण देऊन आकार धरणे. त्यावर तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली. एकाने सांधायचे, दुसऱ्याने पाने कोरायची, तिसऱ्याने लाखेचे पॉलिश चढवायचे, मग तारा, मग जवारी. ‘एका कलावंताच्या हातून साकारलेले’ हे आपले आवडते वाक्य इथे लागू पडत नाही. एका तंबोऱ्यात कितीतरी जणांचे काम असते आणि त्यातला पहिला माणूस शेतात असतो. त्याच्यावर कोणी गौरवलेख लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. भोपळा काही फोटोत चांगला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट गौरवात सुटते: दुरुस्ती. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या चऱ्या पडतात, आवाज मरतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. तंबोरा करणाऱ्याकडे परत येतो, पुन्हा पुन्हा येतो. बापाने केलेला तंबोरा मुलगा उघडतो आणि बापाची कानस कुठे थांबली होती हे त्याला दिसते. प्रदर्शनातून घेतलेल्या हस्तकलेच्या वस्तूला आपण काचेत ठेवतो. ती परत कारागिराकडे जात नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी काही बोलत नाही. वस्तू वापरली जाते तेव्हाच तिची टीका सुरू होते. १९७९च्या सुमारास बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आता तो मोबाइलमध्ये आहे. रोजच्या रियाजाचा तंबोरा त्याने घराघरांतून हलवला. त्याबरोबर विक्री तर कमी झालीच, पण जवारी उतरली आहे हे ओळखणारे कानही विरळ झाले. माझ्या मते दुसरी हानी मोठी आहे, आणि ती भरून काढणे जयजयकाराच्या आवाक्यातले नाही.

नाव कुणाचे

तंबोऱ्याच्या आत एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्या चिठ्ठीवर बरेचदा दूरच्या शहरातल्या दुकानाचे नाव असे. वाद्य मिरजेचे, नाव दुकानाचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे म्हणूनच महत्त्वाचे. १९९९च्या कायद्याने ही सोय झाली. आता मिरजेबाहेर केलेल्या वाद्याला मिरजेचे म्हणता येणार नाही. गावाचे नाव गावाला परत मिळाले, याचा आनंद आहे.

पण कायदा गावाला ओळखतो, माणसाला नाही. तो तसा असणारच, कारण त्याची रचनाच सामूहिक मालकीची आहे. म्हणून उरलेले काम लिहिणाऱ्यांचे होते. ते आपण केले नाही. मैफलीच्या वर्णनात ‘तंबोरे सुरेख लागले होते’ हे वाक्य शेकडो वेळा येते. ते कोणी केले, जवारी कोणाची, हे येत नाही. हार्मोनियमवर कोण, तबल्यावर कोण, तंबोऱ्याच्या साथीला कोण बसले तेही येते. तंबोरा कोणाचा, इतके एक नाव जास्त छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

मी स्वतः चाचांचे नाव या लेखातही घातलेले नाही. त्यांच्या घरातली एक खाजगी गोष्ट मी सांगितली आहे, आणि एकदा माझ्या कात्रणाने जे झाले ते पुन्हा व्हायला नको. नाव द्यायचे ते कामाखाली, दुःखाखाली नाही, एवढा भेद मी आता शिकलो आहे.

एक रास्त आक्षेप

मित्राने हा मसुदा वाचून विचारले, “गौरव केला नसता तर मिरजेचे नाव तरी कोणाला कळले असते?” आक्षेप खरा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्यांनी कारागिरांच्या वतीने जे बोलून ठेवले, त्या बोलण्यात गौरवही होता आणि त्याने अनेक कामे तगली. माझ्या लेखानंतरही चाचांकडे पुण्या-मुंबईहून दोन-चार नवी गिऱ्हाइके आली होती. त्यांनी ते आवर्जून सांगितले होते. मोडलेल्या सोयरिकीच्या कितीतरी आधी. जमेची बाजू लपवणे हिशेबात बसत नाही.

तरी माझे म्हणणे असे, की गौरवाने आलेले गिऱ्हाईक एकदाच येते. ते गोष्ट विकत घेते आणि तंबोरा कोपऱ्यात उभा करते. ज्याला बऱ्या आणि वाईट जवारीतला फरक कोणी सांगितला आहे, तोच दुसऱ्यांदा येतो, भांडतो, वाजवी पैसे देतो आणि आणखी दोघांना पाठवतो. सगळेच तंबोरे अप्रतिम असे लिहिणारा लेखक चांगल्या कारागिराचे सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण चांगले आणि घाईचे काम त्याने एका पंक्तीला बसवलेले असते. सगळ्या कवितासंग्रहांना ‘भावस्पर्शी’ म्हणणाऱ्या परीक्षकाने कवितेचे जे केले, तेच.

थापटणे

संत परीक्षेची कथा सर्वांना ठाऊक आहे. महिपतींच्या ‘भक्तिविजया’मुळे ती घराघरांत गेली. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, यातली मडकी पक्की कोणती, कच्ची कोणती? गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प राहिले, नामदेव कुरकुरले. गोरोबांनी सांगितले, हे मडके कच्चे आहे.

ही कथा आपण अहंकाराविषयीची म्हणून ऐकतो. तंबोऱ्याच्या नादाने मला तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकू येऊ लागली. कुंभार मडके ठोकून, आवाज ऐकून पारखतो. म्हणजे निवाडा हातात नाही, कानात आहे. आणि संतांच्या सभेत परीक्षा घ्यायचा मान पंडिताला न देता या कथेने कारागिराला दिला, कारण कच्चे-पक्के ओळखणे हा त्याचा रोजचा व्यवसाय. मराठीने कारागिराला एकेकाळी टीकाकाराच्या आसनावर बसवले होते. आपण त्याला तिथून उठवून छायाचित्रात बसवले.

कारागिरांना भेटायला जरूर जावे. पण जाताना काय विचारायचे हे ठरवून जावे. हे काम कुठे बिघडते? तुम्ही कोणते काम परत पाठवले? तुमच्या वडिलांचे काय चुकत होते? याचे किती घेता आणि किती घ्यायला हवेत? या प्रश्नांची उत्तरे लिहिली तर तो लेख कदाचित हळवा होणार नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल आणि कारागिरालाही आपण समजलो गेलो असे वाटेल.

गेल्या पावसाळ्यात मी चाचांच्या मुलाकडे माझा जुना तंबोरा घेऊन गेलो. चाचा आता नाहीत. मुलाने घोडीवरून अंगठा फिरवला, तार छेडली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “अब्बांनी इथं जरा घाई केलीय.” मी विचारले, कशावरून? त्याने खर्ज छेडून दाखवला. मला फरक कळला नाही. त्याने दोरा काढला, पुन्हा छेडला, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला मला ऐकू आले: गांधार येत होता, पण थोडा उशिरा, थोडा दबून. अठरा वर्षे हा तंबोरा माझ्या घरात होता. त्याचे मी लेखात कौतुक केले होते.

जवारीचे त्याने जे सांगितले तेवढे पैसे दिले. घासाघीस केली नाही, पण पावती मागितली. तिच्यावर त्याचे नाव आहे.